शीतकरण केंद्रातली पेटी

"सर, सगळ्या केंद्रांची चावी मला कधी देणार?"

मुजावर सरांनी चहाची बशी तोंडाला लावली. 

डोंगरातलं दूध शीतकरण केंद्र ते. गावचं दूध मोठ्या टाकीत यायचं, कंप्रेसर ते गार ठेवायचा. कंप्रेसर कधी चालू, कधी बंद, हे ठरवायची भिंतीवरची एक वीतभर पेटी. अशा पेट्या खोऱ्यात गावोगावी. त्यांना नवा प्रोग्रॅम जायचा दूर शहरातल्या सर्व्हरवरून. संगणकवाली मंडळी त्याला क्लाउड म्हणतात. सगळा पसारा सरांनी उभा केलेला. त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला बोटाच्या पेराएवढी चावी होती. ती लॅपटॉपला लावली की अख्ख्या खोऱ्याचं दूध तुमच्या हातात.

निनाद खोत त्यांचा शिष्य. हुशार म्हणजे काय, विचारू नका! पण डोक्यात हवा गेलेली.

"इथं बसल्या बसल्या सगळ्या पेट्या बदलून दाखवतो, सर. एका बटणाचं काम."

"मग ही एक बदल." सरांनी चावी त्याच्या लॅपटॉपला लावली. "कंप्रेसर चार अंशाला सुरू होतोय न्हवं? चौदाला कर."

निनादचं बोट थबकलं. चौदा? दूध नासेल की!

पण सांगणारे साक्षात मुजावर सर... आणि चावीचा प्रश्न.

"हो सर."

नंदीबैलासारखी मान हलवली गड्यानं, आणि प्रोग्रॅम धाडून दिला.

बाहेर संध्याकाळचं दूध आलं होतं. कॅनमागून कॅन टाकीत रिकामे होऊ लागले. धारोष्ण दूध ते, टाकीवरचा तापमानाचा काटा चढणारच.

पाच... साडेपाच... कंप्रेसर गप्प.

निनादच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं सरांकडे पाहिलं. सर बशीत चहा ओतत होते. अहो, माणसाला काही वाटतं की नाही!

सहा.

खट्.

कंप्रेसर सुरू झाला. स्क्रीनवर पेटीची ओळ उमटली: नव्या प्रोग्रॅमनं दूध तापतंय. नाकारला. जुना चालू.

"सर... कुणी सांगितलं तिला?"

"आत्ता? कुणी न्हाई. दूध नासू द्यायचं न्हाई, एवढंच पहिल्या दिवशी शिकवलंय तिला."

निनाद चिडला. तोच प्रोग्रॅम त्यानं पुन्हा धाडला. या वेळी पेटीनं तो घेतलासुद्धा नाही.

आता मात्र तो बघतच राहिला. वर एवढा मोठा क्लाउड, हुकूम देणारे आपण, आणि ही एवढीशी, डोंगरात एकटी, दुधापाशी उभी! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

सर उठले. चपला काढल्या. पेटीसमोर गेले, छातीवर हात ठेवला आणि मान लववली.

"तुम्ही तिला वाकताय, सर? तिनं तुमचा हुकूम मोडला!"

"म्हणूनच."

निनादनं लॅपटॉप मिटला.

"चौदा चूक आहे, हे मला कळलं होतं, सर," निनाद हळूच म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात म्हणून..."

 लाज वाटली त्याला, खरीखुरी.

सरांनी लॅपटॉपला लावलेली चावी काढली. दोऱ्यासकट त्याच्यापुढे धरली.

"घे."

निनादचा हात पुढे आला... आणि मागे गेला.

"नाही, सर."

"मी सांगतोय, घे."

"तुम्ही सांगितलं तरी नाही. माझी अजून लायकी नाही."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी तो दोरा त्याच्या गळ्यात घातला.

"चला," ते म्हणाले, "आता मी मेलो तरी चालतंय."