खंड्याची गोळी

"पण बाबा, माझं चुकलं कुठे?" मार्तंडनं विचारलं.

धुंडाबाबा पारावर बसले होते. पायाशी मठाचा कुत्रा, खंड्या, पडला होता. लुतीनं त्याचे केस गेले होते, कातडी भेगाळली होती. तीन आठवड्यांपूर्वी तो निदान खाजवत तरी होता. आता तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"गुरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तुम्ही त्या माझ्यावर सोपवल्या. एक दिवस नेम चुकला नाही माझा. पहाटे स्नान, सोवळं, मग आपल्या रिवाजाप्रमाणे पहिली भाकरी खंड्याला. गोळी भाकरीत. गुण येत नसेल, तर औषधच खोटं!"

मार्तंड दीक्षा घ्यायला आलेला. पाठांतर असं, की त्याची चूक काढायला कुणी धजत नसे. त्यालाही ते ठाऊक होतं.

"भाकरी कुठून देतोस?"

"उंबऱ्यातून टाकतो. सोवळ्यात लूत भरलेल्या कुत्र्याला शिवू कसा?"

"खाताना बघतोस?"

"... पूजेची वेळ होते, बाबा."

बाबांनी मूठ उघडली. तळहातावर गोळ्या होत्या. मातीनं माखलेल्या, अर्धवट विरघळलेल्या. पाराच्या कडेला सापडलेल्या. खंड्यानं भाकरी तेवढी खाल्ली होती, कडू ते थुंकून टाकलं होतं. मार्तंड वाढत होता, त्यापेक्षा तो जास्त लक्ष देऊन जेवत होता म्हणायचा.

मार्तंडचा चेहरा उतरला. त्याला खरंच वाईट वाटलं, हे सांगायला हवं.

"डॉक्टर सकाळी येऊन गेले ना? काय म्हणाले?" त्यानं बाबांना विचारलं.

"आत्ता औषध पोटात गेलं, तर कदाचित वाचेल."

बाबांनी नवी गोळी त्याच्या हातावर ठेवली.

"जबडा उघड. जिभेच्या मुळाशी ठेव. गिळेपर्यंत तोंड धरून बस. हात मग साबणानं धू."

मार्तंड खाली वाकला. जखमांचा वास आला, तसा तो थबकला. त्यानं सोवळ्याचा काठ सावरला आणि गाभाऱ्याकडे पाहिलं. सांजेचं निरांजन लावायचं राहिलं होतं.

"देतो, बाबा. पूजा आटोपून लगेच देतो. आत्ता शिवलो तर पुन्हा स्नान आलं... देव खोळंबलेत."

खंड्याचा श्वास अडकत अडकत चालला होता. बाबांनी त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.

"देव तुझ्यासाठी जन्मभर थांबलाय, आणखी घटकाभर थांबेल... ह्याला विचार, थांबतोस का."