महाराज उठले ती नळी

खंडेनवमीला केरोबा रंगाऱ्याने हत्यारांबरोबर रंगशाळेतल्या बाटल्याही घासूनपुसून पूजेला मांडल्या आणि तिथेच घात झाला. रंगाला लागणाऱ्या अमाइन नावाच्या तेलांच्या तीन बाटल्या होत्या: प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक. तिन्हींवरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या, उरली ती हळदकुंकवाची बोटं. आतलं तेल दिसायला सारखंच. लाल रंग उठायचा तो प्राथमिकाचाच, आणि उद्या दसऱ्याला दुर्जयराव महाराजांना लाल पागोटं हवं होतं!

महाराजांनी केरोबाला संस्थानाबाहेर काढायचं फर्मान सोडलं. रंगाच्या कढईपाशी वाढलेली त्याची लेक जिऊ पुढे आली आणि बाटल्या ओळखून देते म्हणाली. पण सरळ हो म्हणतील तर ते महाराज कसले?

"ओळख. मात्र हात लावायचा नाही आणि वास घ्यायचा नाही. चुकलीस तर बापामागोमाग तूही चालती हो."

जिऊने मुजरा केला.

"मान्य. मग हात महाराजांचे लागतील. रसायनातलं दरबारात दुसऱ्या कुणाला कळतंय?"

महाराज हरभऱ्याच्या झाडावर चढले. सिंहासनासमोर शेगडी आली. जिऊ दुरून सांगत गेली तसं त्यांनी तीन नळ्यांत थोडं थोडं तेल घेतलं, त्यात क्लोरोफॉर्म आणि कॉस्टिक पोटॅश घातलं. निकाल लागल्याशिवाय सिंहासनावरून उठायचं नाही ही आमच्या घराण्याची रीत, असंही वर ऐकवलं.

पहिली नळी शेकली, काही नाही. दुसरीही गप्प. तिसरी तापली आणि असा भपकारा सुटला की मेलेली घूस परवडली! महाराज नाक दाबून थेट सज्जात. महाराज उठले की दरबाराने उठायचंच, त्यामुळे प्रधान, सेनापती, भालदार सगळे मागोमाग. जिऊने नाकाला पदर आधीच गच्च बांधला होता. वास घ्यायचा नाही, अशी अटच होती ना.

उरलेल्या दोन बाटल्यांतलं तेल महाराजांनी सज्जातच नव्या नळ्यांत घेतलं. जिऊने सांगितल्याप्रमाणे त्यात सल्फोनिल क्लोराइड आणि पोटॅशचं पाणी घालून हलवलं. एकीत पांढरा साका बसला, आणखी पोटॅश ओतलं तरी विरघळेना. ते द्वितीयक. दुसरीतलं तेल ढिम्म, जसंच्या तसं. ते तृतीयक.

"आणि प्राथमिक?" महाराजांनी विचारलं. "हात नाही, वास नाही, मग ओळखलंस कशावरून?"

"मी कुठं ओळखलं, महाराज? या मिश्रणात तापवलं की प्राथमिकच तेवढं असं घाण मारतं, आणि निकाल लागल्याशिवाय आपण उठत नाही. ज्या नळीला उठलात, ती प्राथमिक."

महाराज खदखदून हसले. केरोबाचं फर्मान तिथेच फाडलं आणि हातातलं सोन्याचं कडं जिऊच्या हातात घातलं. मग हसत हसतच ते सिंहासनाकडे वळले. पण हसताना मोठा श्वास घ्यावाच लागतो. अर्ध्या वाटेवरून महाराज पुन्हा सज्जात धावले, आणि मागोमाग अख्खा दरबार!