चौदाव्या दिवसाची भाकरी

"मग तेव्हा कुठं मेली होती ही माणसं, बाबा?"

दशरथनं फडक्यात बांधलेल्या भाकरी इमामबाबांपुढं आदळल्या.

फकिराची झोपडी गावाबाहेर, चिंचेखाली. भर उन्हात तणतणत तो तिथवर आला होता. बाबा झोळीला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसल्या भाकरी?"

"कडू भाकरी! मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून गाव आणून देतंय. अकरा दिवस झाले, एक वेळ चुकली नाही. अक्का जिवंत होती तेव्हा एकानं तरी उंबरा ओलांडला?"

शेवंताअक्का त्याची थोरली बहीण. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सात वर्षं तिनं एकटीनं केलं. कूस वळवायची, धुवायचं-पुसायचं, घास भरवायचा. मग तिलाच ताप भरला. तालुक्याला डॉक्टरकडं जायचं, तर म्हातारीजवळ बसायला माणूस नव्हतं. नऊ दिवस तिनं ताप अंगावर काढला. दहाव्या दिवशी म्हातारी पाणी मागत राहिली. दुपार कलली तरी ओरडत होती, तेव्हा कुठं गावाला कळलं.

दशरथ ट्रकवर असायचा. वर्षातून दोनदा घरी.

बाबांनी फडकं सोडलं. एक भाकरी उलटीपालटी केली.

"ही कोंडाबाईची. तिच्या कडा कायम करपतात." दुसरी उचलली. "ही सुताराघरची. मीठ विसरलेली असणार." तुकडा मोडून तोंडात टाकला. "विसरलीच."

"तुम्हाला चेष्टा सुचतीय?"

"चाळीस वर्षं ह्याच दारांत मागून खातोय, पोरा." बाबांनी तुकडा चावून संपवला. "पाळ्या कुणी लावल्या?"

"कसल्या पाळ्या?"

"सकाळी हिनं द्यायची, सांजच्याला तिनं. कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही. रीतच आहे तशी."

"हं... आणि कोंडाबाई कधीच आली नव्हती?"

दशरथ पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"आली होती," तो शेवटी म्हणाला. "दोन सालांमागं. रोज दुपारची घटकाभर बसते म्हणाली, तू जरा पाठ टेक म्हणाली. अक्कानं मला फोन करून विचारलं..."

"मग?"

त्याचा अंगठा मातीत आणखी खोल रुतला.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, आपण कुणाचे मिंधे नाही. आपली म्हातारी लोकांना दाखवायला ठेवलीय का?" त्याचा आवाज फाटला. "अक्कानं तिला दारातनंच लावून दिलं. मग दुसरं कुणी आलं नाही. त्यांनी परत यायला नको होतं का, बाबा? एकदा नाही म्हटलं म्हणून काय झालं!"

बाबांनी दोरा दातानं तोडला.

"नको होतं का, बाबा?"

"यायला हवं होतं."

चिंचेवर कावळा ओरडत होता. दशरथनं खडा भिरकावला. लागला नाही.

"परवा तेरावं," तो म्हणाला. "त्यानंतर मला गाडीवर जायला हवं. मालक थांबणार नाही. म्हातारीला तुमच्या झोपडीत आणून टाकतो."

"मला स्वतःला उठताना काठी लागते."

"मग काय करू? तिचा गळा दाबू?"

बाबा गुडघ्यावर हात रोवून उठले, नुकतंच ठिगळ लावलेली झोळी झटकली आणि दशरथच्या खांद्यावर अडकवली.

तो चटका बसल्यासारखा मागं सरला. पण झोळी काढली नाही.

"मला मागता येत नाही, बाबा."

"सात वर्षं दिसलंच ते."

"भाकरी मागू?"

"भाकरी देतातच. घटका माग. कोंडाबाईची दुपार माग. सुतारणीची सकाळ माग. कूस वळवायला दोन हात माग."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मलाही म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी परत जातो."

दशरथ झोळीचा बंद मुठीत आवळून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही.

"तेराव्यापर्यंत करतील," तो कडवटपणे म्हणाला. "चौदाव्या दिवशी दारात उभा राहिलो, तर म्हणतील, आता कशाला आलास? सुतक फिटलं."

इमामबाबांनी कडा करपलेली भाकरी उचलून झोळीत टाकली.

"म्हातारी अजून अंथरुणातच आहे. विचार त्यांना... सुतक फिटलं कुणाचं?"