हैबतीनं दोर सोडला

खडकसांगवीच्या वेशीलगत मठी बांधून रतनगिरी महाराज राहत होते, त्या काळची ही गोष्ट. गावच्या महादेवाच्या शिखरावर पिंपळ रुजला होता. मुळं वेळीच उपटली नाहीत, तर शिखर उकलायचं. हे काम राणोजीचं. कमरेला दोर बांधून तो चढे. दोर कळसाच्या बुडाला वळसा घालून देवळामागे उतरे, आणि तिथं तो धरायचा राणोजीच्या मेव्हण्यानंच. धरणाऱ्याच्या हातात सख्ख्या बहिणीचं कुंकू असलं, की हात सैल पडत नाही, म्हणून ही रीत!

मेव्हणा हैबती अंगानं दांडगा आणि तोरा त्याहून दांडगा. बहीण ठकू महाराजांची भोळी भक्त. "दादा, महाराजांचा अंगारा लावून दोर धर की," ती म्हणाली.

हैबती चारचौघांत खो खो हसला. "दोर मनगटानं धरत्यात, ठके, राखेनं न्हाई! तुझा महाराज मठीत बसून धरणार हाय का?"

ठकू खाल मानेनं देवळापुढे जाऊन उभी राहिली. राणोजीनं वर जाऊन मूळ हिसकलं मात्र, कपारीतलं आग्या मोहोळ उठलं! माश्या देवळामागे हैबतीवर तुटून पडल्या. डोळ्यांवर, ओठांवर डंख बसले आणि, अरे देवा, त्यानं दोर सोडला! तो पळत सुटला. मठीच्या उंबऱ्यात पोचल्यावर आपण काय केलं ते त्याला उमगलं.

"महाराज, सोडला! दोर सोडला म्या!"

महाराज डोळे मिटून बसले होते. दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या, दंड थरथरताहेत, बोटांमधून रक्त ठिबकतंय.

बऱ्याच वेळानं मुठी उघडल्या. "उतरला," महाराज म्हणाले, आणि सोललेले तळवे त्यांनी अंगावरच्या भगव्या छाटीखाली झाकले.

तोच ठकू धावत आली. मागून सुजल्या तोंडाचा राणोजी. "एवढ्या माश्यांतबी दोर सोडला न्हाईस रं, दादा!" म्हणत तिनं हैबतीच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज एक अक्षर बोलले नाहीत. हैबतीही गप्प राहता, तर कुणाला कळलं नसतं.

पण बहिणीचं डोकं त्याला पायांवर सोसवेना. "ऊठ, ठके! म्या पळालो. दोर ह्यांनी धरला," म्हणत त्यानं छाटी बाजूला सारली. ते हात पाहून ठकू जागीच थिजली.

महाराज मात्र हैबतीलाच म्हणाले, "राणोजी भारी जड आहे रे. इतकी वर्षं तू एकट्यानं कसा धरलास?"

हैबतीला हुंदका आवरेना. त्यानं महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं.