सातवा पाव्हणा

धप… धप… धप.

मुसळांचा तो आवाज मी फार लहानपणी ऐकला. समोरासमोर दोन बायका, मध्ये उखळ, आणि एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. आता भात गिरणीत जातं. तो आवाज कुठे राहिला नाही. पण दुपारी जरा डोळे मिटले की कानात येतो, आणि त्याच्या मागोमाग ही गोष्ट येते. कांडता कांडता बायकाच ती सांगायच्या. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

फार फार वर्षांपूर्वी, एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. पुढे पाणी, मागे भातशेती, आणि मधल्या उंचवट्यावर मातीच्या भिंतींचं एक छोटंसं चर्च. गावात कुणी फार श्रीमंत नव्हतं, कुणी उपाशीही नव्हतं. दिवस संथ होते. माणसं वाटेत थांबून बोलायची.

चर्चमध्ये एक म्हातारे पाद्रीबाबा होते. त्यांच्या घरात चूल नव्हती. रोज एका घरातून त्यांना जेवण यायचं, आणि कुणाची पाळी कधी हे त्यांच्यापेक्षा गावालाच जास्त ठाऊक असायचं.

त्या गावाची एक रीत होती. भात पिकलं की प्रत्येक शेतातली पहिली जुडी चर्चमध्ये न्यायची. ती वेदीपाशी ठेवून पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला की मग अंगणात सगळ्यांचं भात एकत्र कांडायचं, आणि त्याची खीर सगळ्या गावाने एका पंगतीला बसून खायची. त्याआधी नव्या तांदळाचा दाणा कुणी तोंडात घालत नसे. आणि पहिली जुडी कापायची ती त्या घरच्या बाईनेच. परक्या हाताने कापलेली जुडी वेदीपाशी चालत नसे.

एका वर्षी, भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात असताना, खाडीत एक होडी आली. पलीकडच्या मुलखात दोन राजांची लढाई पेटली होती. सैनिक गावं जाळत चालले होते. होडीत सात माणसं होती. एक बाई आणि तिची अंगावर पिणारी मुलगी. दोघे भाऊ. एक कुंभार आणि त्याची बायको. आणि एक म्हातारा, ज्याचं त्या होडीत कुणी नव्हतं. जे होतं ते मागे राहिलं, एवढंच तो सांगायचा.

गावाने त्यांना हाकललं नाही. मिठागराच्या दोन रिकाम्या खोपी दिल्या. कुणी पेज दिली, कुणी जुनं लुगडं दिलं. आणि ती माणसंही बसून राहिली नाहीत. दोघे भाऊ कोळ्यांची जाळी सांधू लागले. कुंभार आणि त्याची बायको घरोघरी चुली घालू लागले, आणि त्यांची चूल धूर कमी करायची. मुलीची आई शेतात जाऊ लागली. बांधावरचं गवत कापताना तिचा विळा असा चालायचा की गावच्या बायका कंबर सरळ करायचं निमित्त करून तिच्याकडे बघत राहायच्या.

म्हाताऱ्याच्या हातून मात्र काही होत नव्हतं. त्याची बोटं आखडलेली होती आणि नजर अधू होती. तो दिवसभर चर्चच्या पायऱ्यांवर बसायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचा. सगळे त्याला पाव्हणेबाबा म्हणायचे.

पाण्याला निघालेल्या बायका विचारायच्या, “काय पाव्हणेबाबा, आज पहिल्या पायरीवर?”

“ऊन इथे आधी येतं,” तो म्हणायचा. “आणि तुमच्या भांडणातलं इथून सगळं ऐकू येतं.”

“मग काल कोण जिंकलं ते सांगा.”

“कालची माझी झोप जिंकली.”

बायका हसत पुढे जायच्या. त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. सगळ्या गावाला तो आवडायचा.

कापणी जवळ आली आणि होडीतल्या माणसांबद्दल इकडच्या राजाचा हुकूम आला. सणाच्या दिवशी कारकून येईल. स्वतःची चूल असलेल्या गावातल्या एखाद्या घराने चारचौघांत उभं राहून ‘हा आमच्या घरचा’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं, तो राहील. बाकीच्यांना ओहोटीबरोबर परत पलीकडे सोडतील. पलीकडे काय आहे, हे सगळ्यांनाच माहीत होतं. रोज संध्याकाळी तिकडचा धूर दिसायचा.

पाद्रीबाबा दोन दिवस चालत कारकुनाच्या कचेरीत गेले. दारात उभं राहून त्यांनी विनवणी केली. कारकून म्हणाला, “बाबा, मला सांगून काय उपयोग? गावाला सांगा. मी फक्त लिहितो.”

मग रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबांनी गावाला सांगितलं. “आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो, त्यालाही त्याच्या आईबापांनी तान्हेपणी परक्या मुलखात नेऊन लपवलं होतं. तिथे कुणीतरी दार उघडलंच असेल ना? तेवढंच करायचं आहे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. पण त्या गावात पाटलाच्या आधी कुणी बोलत नसे. आणि पाटलाला वाटायचं, लोक काय म्हणतात ते आधी कळू दे. लोक पाटलाच्या तोंडाकडे बघत घरी गेले आणि पाटील लोकांच्या तोंडाकडे बघत घरी गेला.

सणाच्या दोन दिवस आधी पाटलीणबाईंच्या हाताला विंचू डसला. हात कोपरापर्यंत सुजला. घरात दुसरी बाई नव्हती. पाटलाची जुडी दरवर्षी सगळ्यांच्या आधी वेदीपाशी जायची, त्याच्या आजोबांच्या वेळेपासून. ती चुकली तर गाव काय म्हणेल, या विचाराने त्याला काही सुचेना. शेवटी सणाच्या दिवशी पहाटे तो मिठागराच्या खोपीपाशी गेला आणि मुलीच्या आईला म्हणाला, “बाई, एक जुडी कापून द्या. कुणाला सांगू नका.”

तिने कापून दिली. कुणाला सांगितलं नाही.

सण सुरू झाला. पाटलाची जुडी पहिली गेली, मग बाकीच्यांच्या गेल्या. आशीर्वाद झाला. बायकांनी अंगणात उखळं मांडली. तेवढ्यात कारकून वही घेऊन आला आणि चिंचेखाली बसला. होडीतली सातही माणसं त्याच्यासमोर उभी राहिली.

“बोला,” कारकून म्हणाला. “कोण कुणाचं?”

 गाव पाटलाकडे बघत होतं आणि पाटील जमिनीकडे.

मुलीच्या आईने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पाटलाची जुडी मी कापली, एवढंच. पण तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि खाली बघत राहिली. आपण बोललो तर या माणसाची मान गावात खाली जाईल, हे तिला कळत होतं.

कारकून म्हणाला, “ओहोटी लागायला आली आहे. मला उशीर नको.”

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून पाटलीणबाई पुढे आल्या. सुजलेला हात गळ्यात बांधलेला होता. त्या पाटलाला म्हणाल्या, “तुम्ही बोलता, की मी बोलू?”

पाटलाने टोपी काढली. “माझी जुडी,” तो हळू म्हणाला, “ह्या बाईने कापली आहे.”

अंगणात कुजबुज झाली. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “मग ती वेदीपासून उचला. परक्या हाताची जुडी आमच्यात चालत नाही. पाटलाची असली म्हणून काय झालं?”

“उचलायची तर उचला,” पाद्रीबाबा म्हणाले. “पण रीत तुमचीच आहे. पहिली जुडी घरच्या बाईने कापायची. कापली हिने. मग ही कोण झाली?”

पाटलाने बायकोकडे पाहिलं. मग कारकुनाकडे वळून म्हणाला, “लिहा. आमच्या घरची. मुलगीही आमच्याच घरची.”

कारकुनाने लिहिलं.

आणि मग जणू बांध फुटला. एक कोळी उठून म्हणाला, “ते दोघे भाऊ माझ्याकडे. माझं जाळं त्यांनी नव्यासारखं केलंय.”

दुसरा म्हणाला, “दोघे कशाला तुला? थोरला माझ्याकडे येऊ दे. माझंही जाळं आहे.”

“तुझ्याकडे जेवायला काय मिळणार? तुझीच बायको तुला शिळं वाढते.”

लोक हसले. कारकूनही हसला. एक भाऊ एका घरचा झाला, एक दुसऱ्या. कुंभारासाठी तर चार घरं भांडू लागली, कारण कमी धुराच्या चुली सगळ्यांनाच घालून हव्या होत्या. शेवटी ज्या घरात पहिली चूल घातली होती, त्याच घराने कुंभार आणि त्याची बायको नेली. उखळांत भात पडलं. पाटलीणबाई मुलीच्या आईला घेऊन स्वयंपाकाकडे गेल्या. ज्या त्या माणसाला आपण काही चांगलं केल्यासारखं वाटत होतं, आणि केलंही होतं.

कारकुनाने बोटाने वहीतल्या ओळी मोजल्या. “सहा झाले,” तो म्हणाला. “सातवा?”

पाव्हणेबाबा उभं राहून दमला होता, म्हणून पायरीवर जाऊन बसला होता. आपल्या नेहमीच्या जागी.

गडबड थांबली. पाटलाला वाटलं, माझ्याकडे दोघं झाली, आता दुसऱ्या कुणीतरी बोलावं. कोळ्यांना वाटलं, शेतीवाल्यांनी बोलावं, त्यांच्या कोठारात धान्य असतं. शेतीवाल्यांना वाटलं, पाव्हणेबाबा तर सगळ्या गावाचाच आहे, कुणीही बोलेल.

“माझा लिहा,” पाद्रीबाबा म्हणाले.

“तुमची चूल कुठे आहे, बाबा?” कारकुनाने विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. “हुकुमात चुलीचं घर म्हटलंय. तुम्हीच घराघरांतलं जेवता.”

पाद्रीबाबा गावाकडे वळले. “लेकरांनो, कुणीतरी एक. एवढंच म्हणायचं आहे, आमच्या घरचा.” त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. एकेक चेहरा शेजारच्या चेहऱ्याकडे वळत गेला.

पुढे त्या गावाने रीत बदलली. सणाच्या दिवशी खिरीची पहिली वाटी, ज्याच्या हातून काहीच काम होत नाही त्याला द्यायची, असं ठरलं. खाडीत होडी दिसली की आधी तिच्यातलं सगळ्यात थकलेलं माणूस घरी न्यायचं, मग बाकीची. ही रीत पुष्कळ वर्षं चालली आणि त्या गावाचं दूरदूर नाव झालं. गावाने हे सगळं केलं. पण ते नंतर.

त्या दिवशी कारकूनही थांबला, नको तेवढा थांबला. मग त्याने वही मिटली.

पाव्हणेबाबाने सगळ्यांकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. लाजलेल्या माणसांना अजून लाजवू नये, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. तो पायरीचा आधार घेऊन उठला. धोतराची धूळ झटकली. आणि अंगणातल्या सगळ्या माणसांच्या मधून, उखळांच्या बाजूने, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेने चालत निघून गेला.

उपयोगाच्या माणसाला कुणीही घरात घेतं. ज्याचा काही उपयोग नाही त्याला ‘आमचा’ म्हणणं, हाच खरा आसरा.