ठेंगण्या दाराचा चाफा

“...आणि ज्याला आईच नाही, त्यानं पहिली भिक्षा कोणाकडे मागायची, महाराज?”

लिंबाजीनं हे विचारलं तेव्हा सोमगीर महाराज छाटीची घडी घालत होते. कोरी भगवी छाटी. सकाळीच लिंबाजीचं मुंडन झालं होतं, आणि सूर्य मावळायच्या आत ती त्याच्या अंगावर पडायची होती.

मठाचा नियम जुना होता. छाटी घेण्याआधी शिष्यानं आपल्या घरी जायचं आणि दारात उभं राहून आईकडे भिक्षा मागायची. तिनं वाढली तर तिनं मुलाला सोडलं असं धरायचं. नाही वाढली तर झोळी ठेवून मुकाट घरी राहायचं.

लिंबाजी मठात आला त्या दिवशीच त्यानं सांगून टाकलं होतं की आई वारली.

आई वारली नव्हती.

विधवेच्या एकुलत्या एका मुलाला मठ ठेवून घेत नाही, असं त्याला वाटेत कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हा त्यानं मठाच्या पायरीवर एका वाक्यात आईला मारलं आणि आत आला. पुढे पोथ्या तोंडपाठ केल्या. वैराग्यावर बोलायला लागला की म्हातारे गोसावीही मान डोलवत. इतक्या शहाण्या माणसाला कोण विचारणार, की बाबा, तुझी आई कशानं गेली?

महाराजांनी घडी झोळीत ठेवली.

“आई नाही. दार तर असेल?”

“दारही नाही. गाव उठलं आमचं, असं कानावर आलंय. वरच्या विहिरी आटल्या, लोक खाली सडकेला जाऊन राहिले. घरं मोडून नेली.”

“तुमच्याकडे दारात चाफा लावतात ना?”

“...लावतात.”

“तो नेला नसेल. चल.”

लिंबाजीनं मनातल्या मनात हिशेब केला. आई असेल तर खाली, नव्या गावात. वर टेकाडावर चिटपाखरूही नसणार. म्हाताऱ्याला एखादा चाफा दाखवायचा, हाक मारायची, परत फिरायचं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो महाराजांच्या पुढे चालू लागला.

दुपार कलली तेव्हा ते टेकाडावर पोचले.

गाव उठलं म्हणजे किती उठलं, हे तिथे गेल्यावर कळत होतं. तुळया नेलेल्या, चौकटी नेलेल्या, जोत्याचे दगडसुद्धा उपसून नेलेले. भिंतींची पांढरी माती गाड्या भरभरून शेतात गेलेली. राहिले होते ते फक्त चाफे. ओळीनं उभे, पानं झडलेले, नुसत्या फुलांचे. घर नसलेल्या जागी फुलं पडत होती आणि कोणी वेचत नव्हतं. मला विचाराल तर असल्या जागी माणसानं फार वेळ थांबू नये.

महाराज एकेका चाफ्यापाशी थांबत आणि विचारत, हे कोणाचं. लिंबाजी सांगत गेला. हे कुंभाराचं, याची फुलं लालसर, कारण त्याची बायको गोदेकाठची. हे तेल्याचं. हे दोन चाफेवालं पाटलाचं, एक सासूचा, एक सुनेचा. नवी नवरी पहिल्या माहेरपणाहून परतताना आईच्या दारातली फांदी घेऊन येते. फांदीतला चीक सुकेपर्यंत ती माळ्यावर ठेवते आणि मग दाराशी लावते. घर नवऱ्याच्या नावाचं असलं तरी दाराला ओळख तिच्या चाफ्याची. पाहुण्याला घर सांगायचं तर अमकीचा चाफा म्हणूनच सांगत.

“बरंच लक्षात आहे तुझ्या,” महाराज म्हणाले.

घर विसरलो असं लिंबाजी रोज सांगायचा, आणि इथे एकही दार त्याच्याकडून चुकलं नव्हतं.

“आणि तुझं?”

लिंबाजीनं डावीकडे बोट केलं. तिथे एक वाळून कोळ झालेला चाफा होता. एक फांदी मोडून पडलेली, बुंध्याला वाळवी लागलेली. ते घर त्याच्या चुलत्याचं होतं.

तो तरातरा चालत त्या चाफ्याच्या पुढे जाऊन उभा राहिला, झोळी पसरली आणि खड्या आवाजात म्हणाला, “भिक्षा वाढ, माई.”

वारा होता. दुसरं काही नव्हतं.

“झालं, महाराज.”

महाराज त्याच्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर पलीकडे गेली होती. तिथे आणखी एक चाफा होता. फुलं पांढरी, कडेला गुलाबी झाक असलेली. साऱ्या टेकाडावर त्या एकाच झाडाला पालवी होती. खाली आळं केलेलं. पुढची जमीन झाडलेली, सडा टाकलेली, आणि त्यावर रांगोळीची दोन बोटं.

लिंबाजीनं तिकडे पाठ केली.

“ते कोणाचं?”

“शेजाऱ्यांचं.”

“तिथे कोणीतरी आहे. मेलेल्या दारात मागण्यापेक्षा नांदत्या दारात मागावं. जा.”

“पण नियम आईच्या दाराचा आहे, महाराज.”

“जा.”

नाही म्हणायला काही उरलं नाही. लिंबाजी निघाला. आपल्याला घाई नाही, भीतीही नाही, असं दाखवत तो चालत होता. चाफ्याच्या अलीकडे त्यानं वहाणा काढल्या, ते एक वेळ चाललं असतं, कोणीही काढतो. पण चाफ्याला वळसा घालून आत पाऊल टाकताना त्यानं मान खाली घातली आणि कमरेत वाकला.

डोक्यावर मोकळं आभाळ होतं.

“लिंबा.” महाराजांनी मागून हाक मारली.

तो तसाच, अर्धवट वाकलेला, थांबला.

“चौकट तर कधीच नेली. वाकलास कशाला? ठेंगणं होतं का दार?”

लिंबाजीनं सरळ व्हायचा प्रयत्न केला. पोथ्यांमधलं एकही वाक्य त्या वेळी त्याच्या मदतीला आलं नाही. लहानपणी दारावरच्या गणेशपट्टीवर त्याचं डोकं इतक्यांदा आपटलं होतं, आणि इतक्यांदा एका हातानं तिथे हळद लावली होती, की पट्टी गेली तरी मान विसरली नव्हती. मला त्याची कीव येते. खोटं त्यानं जिभेला शिकवलं, मानेला शिकवायचं राहून गेलं.

महाराज जवळ आले. खाली बसून त्यांनी आळ्यातल्या मातीला बोट लावलं आणि ते वर धरलं. बोट ओलं होतं.

“वर पाण्याचा थेंब नाही म्हणालास.”

“नाही, महाराज.”

“मग कोण घालतं?”

लिंबाजी जिथे उंबरा होता तिथे बसला. “ती आहे,” तो म्हणाला. मग धरण फुटल्यासारखं सगळं सांगितलं. एकुलता एक असल्याचं सांगितलं, पायरीवरचं वाक्य सांगितलं, आत्ताच दाखवलेलं चुलत्याचं दारही सांगितलं. तो पळाला तेव्हा गाव वरच होतं. नवं घर त्यानं पाहिलेलं नाही. कधी आलाच तर तो याच दारात येईल, नव्या घराचा रस्ता त्याला कोण दाखवणार, असं तिला वाटत असणार. म्हणून ती खालून पाणी आणून हे दार जागतं ठेवते.

आणि तरीही तो शहाणा होता. जरा वेळानं त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “पण महाराज, मी अगदीच खोटं बोललो नाही. घर सोडलं तेव्हाच माझ्यापुरती ती मेली होती.”

“तिला कळवलंस?”

चुलत्याच्या वाळक्या फांदीवर होला येऊन बसला आणि उडून गेला. ऊन पिवळं झालं होतं.

“छाटी मिळणार नाही ना मला?” लिंबाजीनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. इतक्या वर्षांचं पाठांतर, इतक्या वर्षांचा मान, उद्यापासून मठात मिळणारी महाराजांच्या शेजारची जागा, सगळं त्या एका प्रश्नात होतं. त्यापुढे आई कुठे होती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

महाराज उताराकडे पाहत होते.

खालच्या सडकेवरून जी पायवाट वर येते, तिच्यावर एक बाई चढत होती. डोक्यावर घागर. एक हात घागरीला, एक गुडघ्यावर. चार पावलं चढायची, थांबायची. पुन्हा चार पावलं. अजून तिनं वर पाहिलं नव्हतं. घागर डोक्यावर असताना वर पाहता येत नाही.

लिंबाजी ताडकन उठला. “महाराज, चला. मागच्या अंगानं उतरता येतं. तिनं पाहायच्या आत...”

महाराज हलले नाहीत.

“पाया पडतो. ती मला सोडणार नाही. किंवा... किंवा वाढेल भिक्षा, आणि सोडेल. मला दोन्ही बघवणार नाही.”

हे त्याचं मठात आल्यापासूनचं पहिलं खरं बोलणं होतं, असं मी तरी मानतो.

महाराजांनी झोळीत हात घातला आणि छाटी काढली. घडी मोडली. लिंबाजी बघत राहिला. आता ती अंगावर पडणार की दूर फेकली जाणार, त्याला कळेना. महाराजांनी दोन्ही टोकं धरून छाटीला पीळ दिला, तिचं वेटोळं केलं, आणि ते वेटोळं लिंबाजीच्या मुंडन केलेल्या डोक्यावर ठेवून तळहातानं दाबून बसवलं. बायका पाण्याला जाताना चुंबळ ठेवतात तसं.

बाई पुन्हा थांबली होती. तिचा श्वास आता वरपर्यंत ऐकू येत होता.

“महाराज... तिला काय म्हणू मी?”

सोमगीर महाराज चाफ्याच्या बुंध्याला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“चढ आहे. आधी घागर घे.”