म्हैस उठेपर्यंत

"तीस वर्षांत साडेअकराच मिनिटं, अक्का?"

रणधीरनं विचारलं ते हसू दाबूनच. गारगोटीजवळच्या त्या पत्र्याच्या खोलीत गोदाक्का एकटीनं चित्रपट करायची. निवडणुकीच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक चित्र काढायचं, पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा. ना कंपनी, ना कुणाचा हात. शाळा चौथीपर्यंत, पण तिची चित्रं हलायला लागली की भले भले श्वास धरून बसत.

"अकरा," अक्का म्हणाली. "अर्धं मिनिट परवा फाडलं."

रणधीरनं नोकरी सोडून, तिच्यासारखीच हातानं चित्रं काढून, दोन वर्षांत आठ मिनिटांची फिल्म केली होती. महोत्सवाला धाडायची मुदत आज संध्याकाळी सहाची. अक्का एकदा ‘झाली’ म्हणाली की तो मोकळा.

अक्कानं त्याच्या चित्रांचा गठ्ठा अंगठ्याखालून भुर्रकन सोडला. कागदावरची म्हैस उठून उभी राहिली.

"रेघ देखणी आहे रे. माझ्या हाताला अशी कधी आली नाही."

रणधीर फुलला.

"पण ही पुढचे पाय आधी टाकून उठते... कुठं बघितलंस?"

"पुस्तकात. परदेशी आहे, लई नावाजलेलं."

"त्यात म्हैस होती?"

"...घोडा होता."

"आणि तुझ्या आईच्या गोठ्यात?"

"म्हशी. चार."

अक्का उठली. मागल्या दारी गेली. शेजाऱ्यांची म्हैस आंब्याखाली रवंथ करत बसली होती. तिच्यासमोर अक्कानं फतकल मारली. रणधीरही टेकला.

"उठवू का तिला? जरा हाकललं की..."

"मग दचकणं दिसेल. उठणं नाही."

चार वाजले. पाच... सहाला दहा कमी असताना त्यानं फिल्म धाडायला फोन बाहेर काढला. अक्काकडं पाहिलं. ती म्हशीकडं पाहत होती.

त्यानं फोन बंद केला.

सव्वासहाला म्हशीनं मान पुढं झोकली. आधी मागचं अंग वर आलं. पुढचे गुडघे अजून मातीतच, कुणाला नमस्कार घालावा तसे. मग एक पाय. मग दुसरा.

चार म्हशींच्या घरात वाढलेला गडी, आणि हे आज पाहिलं! रणधीर उठून उभा राहिला.

"कळलं, अक्का. जातो. म्हैस नव्यानं काढतो."

अक्का जागची हलली नाही.

"बस खाली. बसते कशी, ते अजून बघायचंय."